मागे यायची हाक

विहिरीवर मोट चालते तेव्हा चार आवाज होतात. लाकडी चाक करकरते. नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, ताणला की कुरकुरतो. भरलेली मोट काठावर आली की तिच्यातले पाणी धबकन थारोळ्यात पडते. थारोळे म्हणजे काठावरचा दगडी हौद, तिथून पाणी पाटाला लागते. चौथा आवाज माणसाचा. पहिले तीन सगळ्या मळ्यांत सारखेच असतात. चौथा मात्र ज्या त्या मळ्याचा असतो.

आमच्या मळ्यात आता यांतला एकही ऐकू येत नाही. विहिरीवर तेलाचे इंजिन आहे. यंदा कार्तिक लागला तेव्हा मी चार दिवसांच्या रजेवर घरी आलो होतो. शेजारच्या मळ्यात अजून मोट आहे. सकाळी दव वाळायच्या आत ती सुरू झाली आणि कोणीतरी बैलांना हाक घातली. हाक ओळखीची नव्हती. ती ऐकताना सहा हिवाळ्यांपूर्वीचा एक हंगाम आठवला. त्या हंगामात जे घडले ते आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडले. त्याची नोंद मात्र आधी एका बैलाने घेतली.

मोट ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना थोडे सांगायला हवे. विहिरीपासून खाली उतरत गेलेल्या मातीच्या वाटेला धाव म्हणतात. बैल ही धाव उतरतात तेव्हा नाडा ओढला जातो आणि मोट वर येते. ती रिकामी झाली की बैलांनी तोंड न फिरवता, उलट्या पावलांनी चढ चढून पुन्हा विहिरीपाशी यायचे. खाली जाताना बैलाला काही सांगावे लागत नाही. उतार असतो, हाकणारा नाड्यावर बसलेला असतो, त्याचे वजन कामाला येते. मागे यायला सांगावे लागते. मागे विहीर आहे हे बैलाला ठाऊक असते आणि ती त्याला दिसत नसते. तरी तो पाऊल मागे टाकतो, ते एका आवाजाच्या भरवशावर.

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हाक अशी होती: ‘हेऽऽ मांगे... मांगे, बाऽऽ, मांगे.’ मांगे म्हणजे मागे. कागदावर एवढेच उतरते आणि त्यातून काही कळत नाही. पहिला हेऽऽ लांब, वर चढत जाणारा. मग एक श्वास. त्या श्वासानंतर आवाज जरासा फाटत असे, नवे लुगडे टरकावताना सुरुवातीला फाटते तसा. शेवटचे मांगे जवळजवळ बोलल्यासारखे, खालच्या पट्टीत. बैल थांबायचे ते त्या शेवटच्या शब्दावर.

मळा दोन एकरांचा, म्हसावदच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात मोटेला काम नसे. तिचे कातडे वाळून तडकू नये म्हणून आबा तिला एरंडेल चोळत आणि ती घरात आढ्याला टांगलेली असे. त्या चार महिन्यांत कुंपणावर गिलकी चढत, दोडके चढत, आणि वाफ्यांत पोकळा आणि आंबट चुका आपोआप आल्यासारखे येत. उन्हाळ्याच्या शेवटी ठेलारी मेंढपाळ घराकडे परतताना त्यांचे कळप काही रात्री रिकाम्या जमिनीवर बसवले जात. वर्षाचे खत ते आणि उकिरड्यातले शेण. वांग्याला कीड लागली की माय चुलीतली राख सुपात घेऊन पहाटेच्या दवात फुंकत फिरे, कारण ओल्या पानालाच राख धरते. याहून वेगळा काही इलाज असतो असे कोणी ऐकलेले नव्हते.

दसऱ्याला मोट खाली येई. विहिरीला नारळ, चाकाला हळदकुंकू, बैलांच्या शिंगांना गेरू. कोजागरीनंतर पाऊस संपल्याची खात्री पटली की पहिली मोट. तिथून चैत्रापर्यंत मळ्याचा दिवस त्या हाकेवर चाले. मेथीला चौथ्या दिवशी पाणी, मुळ्याला पाचव्या, वांग्याला आठव्या. मळ्याच्या अगदी टोकाला वांगी होती आणि त्यांच्या बांधाला मायने बियाण्यासाठी लावलेला कांदा.

माय त्या टोकाला फावडे घेऊन दारे धरी. एक वाफा भरला की त्याचे तोंड मातीने बंद करायचे आणि दुसऱ्याचे उघडायचे. विहिरीपाशी ती येत नसे. बाईमाणसाने मोटेला हात लावायचा नाही, धावेवर पाय ठेवायचा नाही अशी रीत होती. रीतीचे कारण कोणी सांगितल्याचे आठवत नाही. मधे तुरीची उंच ओळ असल्यामुळे तिला विहीर दिसतही नसे. पाणी किती आले, किती यायचे, आबांनी मोट थांबवली की बैल नुसते दम खात आहेत, हे सगळे तिला हाकेवरून कळे. हाक बंद पडली की ती फावडे टाकून बांधावर बसे आणि पाणी प्यायला घेई. तिकडे आबाही त्याच वेळी पाणी पीत असत.

त्या वर्षी लढाईमुळे कागद मिळेनासा झाला होता. धुळ्याच्या ज्या वृत्तपत्रात मी काम करत होतो त्याची पाने निम्मी झाली, आणि कचेरीत शेवटी आलेल्याला घरी जाण्यास सांगण्यात आले. शेवटी आलेला मी होतो. कार्तिकात मी मळ्यात हजर झालो. पहिल्या आठवड्यात माझे काम पाहण्याचे होते, आणि पाहिलेले वहीत लिहून ठेवण्याची सवय अजून सुटलेली नव्हती.

आमचे बैल दोन. डावीकडचा काबऱ्या, अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेला, उजवीकडचा भुऱ्या. दोघे आठ वर्षे एका जुवात होते. पहिल्या मोटेच्या दिवशी ते धाव उतरले, पाणी थारोळ्यात पडले, आबांनी हाक घातली, आणि काबऱ्या जागच्या जागी उभा राहिला. भुऱ्याने एक पाऊल मागे टाकले, जू तिरपे झाले, तोही थांबला. आबांनी पुन्हा हाक घातली. तिसऱ्या हाकेला काबऱ्या निघाला.

आबा हसले. म्हणाले, “चार महिना बठीसन खाधं त्यानी. आंग जड व्हयेल शे.” चार महिने बसून खाल्ले, अंग जड झाले आहे. ते सगळ्यांना पटले. दरवर्षी बैल पहिले दोन दिवस कुचराई करतातच.

पण पंधरा दिवसांनीही काबऱ्या तिसऱ्या हाकेलाच निघे, कधी चौथ्या. मग खांद्याचा संशय आला. जू घासून खांदा सुजतो तेव्हा बैल मागे रेटायला नाखूश असतो. आबांनी खांदा दाबून पाहिला, हळद आणि तेल गरम करून शेकला. सूज नव्हती. मग खूर पाहिले. मग दात. मायने बिब्बा आणि काळा दोरा त्याच्या गळ्यात बांधला, कारण गावातल्या एका बाईने दसऱ्याला त्याच्याकडे रोखून पाहिले होते. गावातल्या जाणत्या माणसाने सांगितले की बैलाला एका कानाने कमी ऐकू येत असावे. आम्ही त्याच्या डाव्या कानाशी पितळेची थाळी टाकून पाहिली, तो दचकला. कान चांगला होता.

त्या दिवसांची वही माझ्यापाशी आहे. बैलाच्या खांद्याविषयी तीत चार नोंदी आहेत, खुरांविषयी दोन, कानाविषयी एक. आबांच्या घशाविषयी एकही नाही.

वास्तविक घसा समोर होता. ते सकाळी बराच वेळ खाकरत. थंडी आहे, धुके आहे, बिडी आहे, असे तेच सांगत. मध आणि हळद चाटत, मीठपाण्याच्या गुळण्या करत. चंपाषष्ठीला आमच्याकडे वर्षाचे पहिले भरीत होते. चातुर्मासात वांगे खात नाहीत आणि त्या दिवशी खंडोबाला नैवेद्य दाखवून तो नेम सोडतात. मायने मळ्यातलीच वांगी काड्यांवर भाजली. आबांनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी दुधात कुस्करून मागितली. दाढ दुखत असेल असे मायला वाटले आणि तिने लवंग काढून दिली. त्यांनी ती घेतली आणि दाढेखाली धरली.

आवाज एका दिवसात गेला असता तर कळले असते. तो रोज थोडा थोडा जात होता आणि आम्ही रोज तो ऐकत होतो. काल होता तसाच आज आहे असे प्रत्येक दिवशी वाटत राहिले. श्वासानंतरची ती बारीक चीर आता पहिल्या हेऽऽपासूनच सुरू होत होती. शेवटचे मांगे हवेसारखे निघत होते. आबा जोर लावत आणि त्यांच्या मानेच्या शिरा दिसत. आम्हाला त्यात बैलावरचा राग दिसला.

पाणी कमी पडू लागले. दिवसभरात जेवढ्या मोटा निघायच्या त्याच्या निम्म्या निघत, बाकीचा वेळ काबऱ्याला समजावण्यात जाई. वाफे सोडून द्यायची वेळ आली की कोणता आधी सोडायचा हे ठरवावे लागते, आणि ते बोलून ठरत नाही. एका सकाळी मायने मेथीच्या शेवटच्या चार वाफ्यांची तोंडे उघडलीच नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मुळ्याची. आबांनी ते पाहिले. मेथी पिवळी पडून आडवी झाली तेव्हा ती उपटून त्यांनी बैलांपुढे टाकली. काबऱ्याच्या वाट्याला जास्त गेली.

पौषात ते काबऱ्याला शहाद्याच्या बाजारात घेऊन गेले आणि त्याच्या बदल्यात एक तरणा पांढरा बैल घेऊन आले. मी बरोबर होतो. काबऱ्या कोणी नेला ते आम्ही पाहिले. तापीपलीकडचा एक बैलांचा व्यापारी होता, डोक्याला तांबडे मुंडासे. दावे हातात देताना आबांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला नाही. परत येताना ते पांढऱ्या बैलाच्या चालीविषयी बोलत होते. आवाज इतका बसलेला होता की गाडीच्या खडखडाटात मला अर्धेच ऐकू आले. उरलेले मी विचारले नाही.

पांढऱ्या बैलाला मोटेची सवय होती, पण दुसऱ्या कोणाच्या हाकेची. नव्या बैलाला हाक शिकवावी लागते; दहा-बारा दिवस हाकणारा त्याच्या कानाशी उभा राहून सतत बोलत राहतो. आबा उभे राहिले. तीन दिवसांनी पांढरा बैल शिकला नाही ही गोष्ट कोणाला विशेष वाटली नाही. चौथ्या दिवशी भुऱ्याही थांबला. आठ वर्षे जो एका हाकेत मागे आला होता तो धावेच्या तळाशी उभा राहून समोरच्या बांधाकडे पाहत राहिला.

तेव्हा हुसेनभाई तिथे होते. हुसेनभाई बागवान शहाद्याचे. आमची भाजी त्यांच्या वडिलांपासून त्यांच्या घरी जात होती. एक दिवसाआड सकाळी त्यांची गाडी येई, ते वांगी स्वतः निवडत, आणि निवडताना आबांची थट्टा करत. आठच दिवसांपूर्वी ते आबांना म्हणाले होते, “पुंडलिकभाऊ, नवी नवरीना मायक बोली ऱ्हायनात. कोनले लाजतस?” नव्या नवरीसारखे बोलता, कोणाला लाजता? त्यावर आबा हसले होते आणि हसताना त्यांना ठसका लागला होता.

या वेळी हुसेनभाई हसले नाहीत. वांग्यांची टोपली त्यांनी खाली ठेवली. भुऱ्याकडे पाहिले, मग पांढऱ्याकडे, मग आबांकडे.

ते म्हणाले, “पयले मी निंबपाशी ऱ्हाऊ तव्हय तुमना आवाज आयकू ये. आते वावरमा उनू तरी आयकू येत नही.” पूर्वी रस्त्यावरच्या निंबापाशी असतानाच तुमचा आवाज ऐकू यायचा, आता शेतात आलो तरी येत नाही. मग त्यांनी सांगितले:

“बैल नही बदलना, भाऊ. आवाज बदलना.”

नाड्यावर आबांचा हात होता, तो तसाच राहिला. त्यांनी नाही म्हटले नाही. मी अनेक माणसांना वाईट बातमी मिळताना पाहिले आहे. धंद्याचा भाग होता. ज्याला बातमी नवी असते तो पहिल्यांदा सांगणाऱ्याकडे पाहतो. आबांनी हुसेनभाईंकडे पाहिले नाही. ते दावणीच्या रिकाम्या खुंटीकडे, जिथे काबऱ्या बांधला जाई, तिकडे पाहत होते. मग त्यांनी विचारले, “काबऱ्या कोठे व्हई आते?”

काबऱ्या आता कोठे असेल, हे शोधण्याचे हुसेनभाईंनी पत्करले. ते बाजारोबाजार फिरणारे होते. पहिल्या खेपेला त्यांनी सांगितले की तांबड्या मुंडाशाचा व्यापारी सापडला, पण बैल त्याने पुढे दिला. दुसऱ्या खेपेला, ज्याला दिला त्याने गुजरातच्या बाजूला नेला. तिसऱ्या खेपेला ते नंदुरबारच्या मिरचीच्या भावाविषयी बोलले. त्यानंतर आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

माघात आबांना नंदुरबारला नेले. गाडीने प्रकाशा गावापर्यंत, तापी ओलांडून पुढे. गावाबाहेर मैदानांवर मिरची वाळत घातलेली होती, लांबपर्यंत तांबडी. वाऱ्याबरोबर तिची धूळ आली आणि आबांना खोकला सुरू झाला तो दवाखान्याच्या पायरीपर्यंत थांबला नाही. डॉक्टरांनी लांब दांडीचा बारीक आरसा त्यांच्या घशात धरून पाहिले. पाहायला वेळ लागला. मग त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितले की गाठ आहे, जिथून आवाज निघतो तिथेच आहे, वर्षभराची तरी असावी. इथे काही करता येणार नाही. मुंबईला नेऊन पाहा. नेल्याने बरे होतील का, असे मी विचारले. लवकर यायला हवे होते, असे त्यांनी उत्तर दिले. माझ्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, आणि होतेही.

आत आल्यावर डॉक्टर आबांना म्हणाले की मुंबईला जावे लागेल, महिना-दोन महिने राहावे लागेल, आणि आजपासून बोलणे बंद. आबांनी ते ऐकून घेतले आणि बसलेल्या घशाने विचारले, “मोट कोन हाकी?”

डॉक्टर खानदेशातले नव्हते. ते काय म्हणाले, असे त्यांनी मला विचारले. मी शुद्ध मराठीत सांगितले की मोट कोण हाकेल असे ते विचारत आहेत. डॉक्टरांनी मान हलवली आणि चिठ्ठीवर गुळण्यांचे औषध लिहून दिले.

आबा मुंबईला गेले नाहीत. वांगी निघाली की पाहू, असे त्यांनी खुणेने सांगितले. मायने दोन दिवस जेवण सोडले, हुसेनभाईंनी रागावून पाहिले, मी मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाला पत्र लिहिले आणि त्याचे उत्तरही आले, की घेऊन या. आबांनी ते पत्र वाचून घडी करून खिशात ठेवले. माणसाला उचलून गाडीत घालता येत नाही. आणि डॉक्टर बाहेर मला काय म्हणाले होते ते मी मायला सांगितलेले नव्हते. ते सांगितले असते तर तिने आग्रह धरला असता की सोडला असता, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मोट माझ्याकडे आली. मी ती हाक जन्मापासून ऐकली होती. हेऽऽ किती लांब, श्वास कोठे, चीर कोठे, सगळे मला सांगता येत होते. मी हाक घातली. भुऱ्याने कान मागे वळवला, ऐकले, आणि कान पुन्हा पुढे घेतला. शेजारच्या मळ्यातला मोट हाकणारा एक दिवस येऊन गेला. त्याची हाक पंचक्रोशीत नावाजलेली. भुऱ्या त्याच्यापुढेही उभाच. शेवटी आम्ही बैलांना धावेच्या तळाशी जुवातून सोडत होतो, हाताने धरून वर आणत होतो आणि विहिरीपाशी पुन्हा जुंपत होतो. अशाने तासाला चार मोटा निघत. पाणी अर्ध्या पाटात जिरून जाई. टोकाच्या वांग्यांची पाने दुपारी खाली लोंबत आणि सकाळी सावरत. मग सकाळीही सावरेनाशी झाली. कांद्याला बियाण्याचे गोंडे धरले होते. ते पोसायला पाणी लागते.

आबा थारोळ्याच्या दगडावर बसून असत. गळ्याला मायचे जुने लुगडे गुंडाळलेले. ते मला खुणेने सांगत: लांब, अजून लांब, आता खाली. मी तसे करून पाही. त्यांच्या खुणा बरोबर होत्या.

फाल्गुनातली एक दुपार. होळी चार दिवसांवर होती, पळस फुलून गेला होता. बैल तळाशी उभे होते. माझ्या दोन हाका वाया गेल्या होत्या आणि मी जू सोडायला खाली निघालो होतो. तेवढ्यात तुरीच्या ओळीपलीकडून हाक आली.

हेऽऽ मांगे. मग श्वास. मग ती चीर, जिथे असायची तिथेच. मांगे, बाऽऽ.

मी आधी आबांकडे पाहिले. ते माझ्याकडे पाहत होते. भुऱ्याने मागचा पाय उचलला. तो मागे टेकवला. पांढरा बैल त्याच्या ओढीने तिरपा झाला, सावरला आणि त्याच्याबरोबर येऊ लागला. दोघे चढ चढून विहिरीपाशी आले. शेवटचे मांगे खालच्या पट्टीत आले आणि बैल थांबले. खाली मोट पाण्यात बुडाल्याचा आवाज झाला.

माय वांग्यांत उभी होती. तिथून तिला विहीर दिसत नव्हती, बैलही दिसत नव्हते. थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज तिला ऐकू येई, त्यावरून ती वेळ धरत होती. वीस-बावीस वर्षे ती हाक तिच्यापर्यंत त्याच अंतरावरून पोचली होती. आम्ही सगळे ती जवळून ऐकून शिकू पाहत होतो.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोट थांबली नाही. मी नाड्यावर बसत होतो, हाक तिकडून येत होती. दोन-तीन फेऱ्यांनंतर माझे लक्ष आबांकडे गेले. ते थारोळ्याच्या दगडावर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. तुरीपलीकडून हेऽऽ निघाला की त्यांचे तोंड उघडे. श्वासाच्या जागी ते श्वास घेत. मांगे, बाऽऽ, मांगे. आवाज मळ्याच्या टोकाकडून येत होता आणि ओठ इथे हलत होते. एकदाही चुकले नाहीत. मी दुसरीकडे पाहायला लागलो.

गावात बोलणे झाले. विहिरीच्या वाटेवर एका बाईने मायला गाठून विचारले की बाईमाणसाने मोट हाकलेली कधी ऐकली आहे का. मायने तिला सांगितले, “मी मोटले हात लाया नही. मी ते वाफामा व्हतू.” मी मोटेला हात लावला नाही, मी तर वाफ्यात होते. यात खोटे काही नव्हते.

वांगी वाचली, थोडी. हुसेनभाई येऊन निवडून नेत. निवडताना हाक आली की ते हात थांबवून ती संपेपर्यंत वाट पाहत. चैत्रात विहिरीचे पाणी तळाला गेले आणि मोट बंद झाली. कांद्याचे बियाणे मायने झोडपून, पाखडून गाडग्यात भरले. वैशाखात आबा गेले. शेवटचे दीड महिने त्यांना पाणीही चमच्याने द्यावे लागे. मुंबईचे पत्र त्यांच्या खिशात होते, घडी होती तशीच.

पुढल्या दसऱ्याला मोट मीच आढ्यावरून काढली आणि तिला एरंडेल चोळले. पाऊस संपला होता, वाफे तयार होते, भुऱ्या दावणीला होता. मायला विचारले की पहिल्या मोटेला हाक घालशील ना. ती लसणाच्या पाकळ्या सोडत बसली होती. सोडत राहिली. मग म्हणाली, “तो आवाज मन्हा नही व्हता.”

तो आवाज माझा नव्हता. मी मोट पुन्हा आढ्याला टांगली. त्या वर्षी मळा पावसाळ्यापुरता राहिला. पुढे चुलतभावाने भागीत इंजिन आणले आणि वाफे परत हिरवे झाले. मी धुळ्याला माझ्या जागी गेलो. भुऱ्या म्हातारा होऊन गेल्या साली गेला.

यंदाच्या त्या कार्तिकातल्या सकाळी शेजारची मोट चालू असतानाच चुलतभावाने आमचे इंजिन सुरू केले आणि बाकी काही ऐकू येईनासे झाले. माय फावडे घेऊन मळ्याच्या टोकाला गेली होती. तुरीची ओळ आता नाही, त्यामुळे ती विहिरीवरून दिसते. इंजिनाचा आवाज सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत एकच असतो. पाणी कधी निघाले, किती आले, कधी पोचेल, हे त्यातून कळत नाही. म्हणून ती फावडे टेकून पाटाकडे पाहत उभी राहते, पाणी दिसेपर्यंत.

मी चारही दिवस पाहिले. तिचे ओठ हलत नाहीत.